तिसऱ्या हाकेची ओ

"राजेऽऽ..."

ती हाक उतारावरून यायची. "रा" आधी पोचायचा. मग मधल्या घळीत वारा हाकेला जरा धरून ठेवायचा, आणि "जे" मागून, लांबत लांबत, पाण्याच्या बारीक धारेसारखा झिरपत यायचा. कडूबाची, तिच्या नवऱ्याची हाक. हाक मारणारा जाऊन अडतीस वर्षं झाली, हाक मात्र राहिली. रिकाम्या रांजणात गारवा राहतो तशी ती राजाबाईच्या कानात राहिली होती. भर दुपारी, डोळा लागायच्या आधीच्या त्या पातळ घटकेला, ती हळूच बाहेर यायची.

अशी हाक आली की राजाबाई गप पडून राहायची. ओ द्यायची नाही. छताकडं बघत राहायची.

चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीपासून चार गल्ल्या अलीकडं, तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा गेल्यावर मेंढरं विकून ती सात वर्षांचं पोरगं घेऊन शहरात आली. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं पोळ्या लाटल्या, त्या पोळ्यांच्या वाफेतून हे घर उभं राहिलं. दारात तिनं लावलेला लिंब होता. समोर एक मोकळा प्लॉट होता, आणि उन्हाळ्यात कुणी लांबचा मेंढपाळ तिथं घटकाभर कळप बसवायचा. तेवढ्यात राजाबाई घागरभर पाणी घेऊन जायची, एखादं कोकरू मांडीवर घ्यायची. दिवसातून दोन-तीनदा विमान उतरायचं, तेव्हा त्याची सावली अंगणावरून सरकत जायची. कळपातून चुकलेल्या काळ्या मेंढीसारखी. मग पुन्हा सगळं उन्हात बुडून जायचं.

हे घर आता जायच्या बेतात होतं, आणि कारण होतं एक पांढरी पेटी.

पेटी तिच्या लेकानं बसवली. बिभीषण पुण्याला नोकरीला होता, बायको-पोरगी तिकडंच. आई बहात्तर वर्षांची, एकटी. मागच्या थंडीत मोरीत घसरली, मनगट सुजलं, आणि ते त्याला पंधरा दिवसांनी शेजारच्या जाहेदाकडून कळलं. दुसऱ्या रविवारी तो यंत्रं घेऊन हजर. कोपऱ्याकोपऱ्यात बोटाएवढे डोळे चिकटवले. समोरून गेलं की ते लाल लुकलुकायचे. गादीखाली एक पट्टा सरकवला. आणि देवळीत, देवाच्या टाकांशेजारी, ती पेटी. दिवसा तासभर घरात काही हाललं नाही की पेटी बोलायची:

"राजाबाई! आपण ठीक आहात ना?"

आवाज बाईचा, गोड, साखरेत घोळवलेला. नुसतं हाललेलं तिला पुरायचं नाही, तोंडानं उत्तर आलं नाही तर मिनिटभरानं पुन्हा एकदा तोच प्रश्न. तरीही उत्तर नाही, तर पेटी आधी पुण्याला बिभीषणला आणि मग शेजारी जाहेदाला फोन लावायची.

डोळ्यांची राजाबाईला गंमत वाटायची. पहाटे उठून चुलीकडं, म्हणजे गॅसकडं, जाताना ते एकेक लुकलुकत जायचे आणि तिला वाटायचं, वाघरीच्या जाळीमागं कोकरं जागी झाली. "झोपा रं, झोपा," असं ती त्यांना म्हणायची. पेटीशी मात्र तिचं जमेना.

"ही बया मला आपण म्हणती," ती जाहेदाला सांगायची. "आपण म्हणायला मी काय तलाठीणबाई हाय?"

या महिन्यात पेटीनं चार वेळा बोंब मारली होती. चारही वेळा भर दुपारी. चारही वेळा जाहेदा चुलीवरचं तसंच टाकून, एका हातात किल्ली आणि एका हातात उलथनं घेऊन धावत आली, आणि राजाबाई पलंगावर धडधाकट बसलेली.

"अल्ला! अक्का, जित्त्या हाय ना तुम्ही!" जाहेदा दारातच बसकण मारायची. "माझा तो कलेजा तोंडात येतो ना वो. त्या पेटीला एक 'हूं' बोलायला काय होते तुम्हाला? खिचडी करपली माझी."

"मी बोलणारच व्हते. तिनं घाई केली."

"घाई? दोनदा पुकारती ती!"

"दोनदाच पुकारती," राजाबाई म्हणायची, आणि पदर तोंडाशी धरून लिंबाकडं बघायची.

चौथ्या वेळी बिभीषणचा फोन आला. ओरडला नाही. हळूच म्हणाला, आणि ते जास्त वाईट होतं. "आई, बस झालं. तुला ऐकू येत नसेल किंवा भान राहत नसेल, काहीही असेल. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. तू माझ्यासोबत चल. घर भाड्यानं देऊ."

"मला लई चांगलं ऐकू येतं."

"मग ओ का देत नाहीस?"

राजाबाईनं फोन कानापासून लांब धरला. फोनमधून लेकाचा श्वास ऐकू येत होता.

पण जाहेदा गप बसणारी नव्हती. तिनं पेटीवरच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली: पेटीत बिघाड आहे, म्हाताऱ्या बाईला घर सोडावं लागतंय, लवकर माणूस पाठवा. शनिवारी माणूस आला तो बाईमाणूस निघाला. स्कूटी लिंबाखाली लावून, हेल्मेट काढून, ओढणी सावरत ती आत आली. "सलाम आजी. मी लुबना. पेटी बघायला आले." तिशी उलटलेली, डोळ्यांखाली थोडी झोप राहिलेली, हात मात्र चपळ. पेटी उघडली, झाकली, तिच्याशी बोलली, दुसऱ्या खोलीत जाऊन बोलली, मोरीतून ओरडली. पेटीनं प्रत्येक वेळी बरोबर ऐकलं.

"पेटीला काही झालेलं नाही आजी," ती म्हणाली आणि खाली सतरंजीवर बसली. राजाबाईनं तिच्यापुढं गूळ-शेंगदाणे ठेवले. लुबना मांडीवरच्या पाटीएवढ्या यंत्रात नोंदी बघू लागली, आणि बघता बघता तिचा हात थांबला.

"हे बघा. मंगळवार. पेटीनं पहिली हाक मारली, लगेच पलंगाचा पट्टा हलला. म्हणजे तुम्ही उठून बसल्या. दुसरी हाक मारली, तेव्हाही बसलेल्याच. मग फोन गेले. आणि त्यानंतर तुमचा आवाज आहे." ती हसली. "'जित्ती हाय गं बये, जित्ती हाय.' चारही वेळा असंच. आजी, तुम्ही ऐकलं होतं."

राजाबाई शेंगदाण्याची सालं फुंकत राहिली.

"मग बोलल्या का नाही?"

"आमच्यात नाय देत पहिल्या हाकेला ओ," राजाबाई म्हणाली. "रानात, भर दुपारची, माणूस दिसत नाय आन् नाव घेऊन कुणी हाक मारली, तर नाय द्यायची. दुसरीला बी नाय. मपल्या सासूनं लग्नानंतर पैलं हेच शिकवलं. भाकर थापायच्या आधी."

आणि मग, लुबनानं विचारलं नव्हतं तरी, ती म्हणू लागली. आवाज बारीक होता, मधेच चिरत होता, पण हलला नाही.

*पहिली हाक बाई, वाऱ्याच्या पायाची*
*ओ नको देऊ गं, ती फसव्या छायेची*

*दुसरी हाक बाई, डोंगरकड्याची*
*ओ नको देऊ गं, ती खोट्या गड्याची*

*तिसरी हाक बाई, धन्याच्या व्हटाची*
*ओ दे गं सये, बेंबीच्या देठाची*

बाहेर लिंबाची पानं एकदा हलली आणि थांबली. लुबनानं यंत्र बाजूला ठेवलं होतं.

"माझी नानी सिल्लोडला असायची," ती म्हणाली. "ती पण सांगायची. दुपारी कुणी नाव घेतलं की लगेच जी म्हणू नको, आधी बघ कोण आहे. पण आजी, ही पेटी आहे. हिच्यात ना वारा, ना भूत. मी स्वतः उघडून बघितलीय. हिला पहिल्याच हाकेला ओ द्या की."

"म्हाईत हाय मला. पेटी हाय."

"मग?"

राजाबाई उठली. रिकामी वाटी उचलून मोरीकडं गेली आणि बराच वेळ विसळत राहिली. लुबनाला वाटलं, आपलं काही चुकलं. ती समजूतदार होती, पुन्हा विचारलं नाही. राजाबाई परत आल्यावर लुबना एवढंच म्हणाली, "पेटीला तीन हाका मारायला लावता येतं आजी. दोन मिनिटांचं काम. पण पेटी तुमच्या मुलाच्या नावावर आहे ना, त्यांच्या फोनवर प्रश्न जाईल. त्यांनी हो दाबलं की झालं. काय कारण लिहू?"

"काय बी लिहू नको."

"ते विचारतील."

"इचारू दे."

स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला. राजाबाई पलंगावर आडवी झाली. खिडकीच्या गजांतून उन्हाच्या चार पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या आणि त्यात धूळ तरंगत होती. बघता बघता ती धूळ कळपामागून उडणारी धूळ झाली. भिंत पातळ झाली. भिंतीतून मेंढरं आत येऊ लागली, एकेक, खुरांचा आवाज न करता, आणि कोपऱ्यातले लाल डोळे त्यांना बघून लुकलुकू लागले. कळपाच्या मागं वेरूळचा डोंगर आला, आणि डोंगरामागचा तो उतार.

चैत्र संपत आला होता. चारा नव्हता. कळप सावलीला बसवलेला, पोरगं कोकरांत कोकरू होऊन निजलेलं. ती घोंगड्याला टाके घालत होती. कडूबा कुऱ्हाड घेऊन वर गेला होता, लिंबावर चढून शेळ्यांना डहाळं तोडायला. ऊन असं पडलेलं की सावल्या पायाखाली लपल्या होत्या.

"राजेऽऽ..."

तिनं मान वर केली. सुई हातात राहिली.

"राजेऽऽ..."

ती थांबली. सासूनं शिकवलं होतं तसं थांबली. तिसरी येईल आणि आपण बेंबीच्या देठापासून ओ देऊ, म्हणून छाती भरून घेतली होती. ती भरलेली छाती तिला अजून आठवत होती. तिसरी आली नाही. तिला वाटलं, वाऱ्यानं फसवलं. तिनं पुन्हा सुईत दोरा ओवला. बऱ्याच वेळानं त्याच्यामागं गेलेलं कुत्रं कण्हत उतरून आलं, तेव्हा ती पळाली.

फांदी तुटली होती. हात गरम होते. ट्रकात घालून आणला, दौलताबादचा घाट उतरेपर्यंत श्वास होता. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, जरा आधी आणायला पाहिजे होता. भावकीनं विचारलं, "हाक नाय का मारली त्यानं?"

"नाय," ती म्हणाली होती. "मला काय ऐकू नाय आलं."

तो एक शब्द तिनं अडतीस वर्षं सांभाळला. आणि त्याच्या खाली, त्याहून खोल, तो नियम सांभाळला. कारण नियम खरा असेल तर तिचं चुकलं नव्हतं. बाई तिसऱ्या हाकेलाच ओ देते, त्यात तिचा काय दोष? पण या साखरेच्या आवाजाच्या पेटीला, आज, पहिल्याच हाकेला ओ दिली, आणि काहीच झालं नाही, ना वारा आला ना झाड पडलं, तर मग त्याला का नाय दिली? त्या दिवशी का नाय दिली?

पेटीपुढं ती गप बसायची ती यासाठी.

रविवारी बिभीषण दहाला आला. आल्याआल्या आईच्या पाया पडला, तिचं मनगट हातात घेऊन फिरवून बघितलं, मग माळ्यावरची ट्रंक खाली काढली. राजाबाईनं पिठलं-भाकरी केली होती. तो चार भाकरी जेवला आणि ते लपवायला म्हणाला, "तिकडं पण करशील की असंच."

"तिकडच्या गॅसवर भाकर फुगती व्हय?"

"गॅस सगळीकडं एकच असतो आई."

"असंल. माणसं एक नसतात."

त्यानं डबे पोत्यात भरायला घेतले. पितळी तांब्या, पोळपाट, कॅन्टीनमधून निरोपाला मिळालेलं घड्याळ. राजाबाई बघत बसली. घर डब्याडब्यानं रिकामं होत होतं आणि प्रत्येक डब्याच्या जागी भिंतीवर एक पांढरा गोल उरत होता.

"आणि हे काय आहे?" त्यानं फोन पुढं केला. "काल आलं. दोनऐवजी तीन हाका, हो की नाही. मी अजून काहीच दाबलेलं नाही. तिसरी हाक कशाला पाहिजे तुला?"

"पाहिजे."

"का?"

"तू दाब. मी राहाते हितं. परत जाहेदाला पळावं लागलं तर जीभ कापून देते."

"कारण सांग ना आई. उगाच कसं दाबू? एक मिनिट वाढतंय. त्या एका मिनिटात माझं काय होतं तुला माहिती आहे?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ऑफिसात फोन वाजतो, 'उत्तर नाही' असं येतं, आणि मी उठून जिन्यात जाऊन बसतो. चार वेळा बसलोय. लोक विचारतात, साहेब बरं नाही का."

राजाबाईनं पायाशी पडलेली चादर ओढून घेतली.

"तुला नाय कळायचं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

बिभीषण अंगणात गेला. पोतं गाडीत ठेवलं, ट्रंक लिंबाखाली ठेवली, आणि तिच्यावरच बसून राहिला. दुपार चढत गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वाऱ्याची एखादी झुळूक यायची, लिंबाच्या मोहराचा कडसर गोड वास सोडून जायची. समोरच्या प्लॉटवर कुणा मेंढपाळाचा कळप बसला होता, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून, आणि उन्हानं तो कळप जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखा दिसत होता. बिभीषणचे डोळे जड झाले. ऊन, लोकरीचा वास, खाली घातलेल्या माना. तो कुठं बसलाय हे त्याला क्षणभर कळेना.

आतून हाक आली.

"राजाबाई! आपण ठीक आहात ना?"

तो दचकून उठला आणि दारात आला. आई आता उताणी होती. डोळे उघडे होते. छताकडं लागलेले. पेटीची हाक आली तशी ती कोपरावर उठली, मान वर केली, आणि तशीच थांबली. दार तिच्या पाठीमागं होतं, तिनं लेकाला बघितलं नाही.

ती थांबली होती. कान देऊन, एक हात हवेत धरून, त्या हातात काहीतरी बारीक धरल्यासारखी.

बिभीषणनं चौकट धरली. ती मान, तो थांबलेला हात. हे त्यानं कुठं बघितलं होतं ते त्याला आठवायची गरज नव्हती.

मिनिट गेलं. ते मिनिट किती मोठं होतं ते दोघांनाच माहीत.

"राजाबाई! आपण ठीक आहात ना?"

राजाबाईनं श्वास घेतला. छाती भरली. ओठ विलगले. आणि ती तशीच राहिली, भरल्या छातीनं, वाट बघत. बिभीषणच्या खिशात फोन थरथरू लागला. भिंतीपलीकडं जाहेदाचा फोन वाजला, तिचं "या अल्ला" ऐकू आलं, भांडं पडल्याचा आवाज आला.

तेव्हा त्यानं हाक मारली. मोठ्यानं, दारातून, जणू मधे अख्खा उतार पसरलाय.

"आईऽऽ!"

"ओऽऽ!"

ती ओ बेंबीच्या देठातून आली. म्हाताऱ्या गळ्यात एवढा आवाज होता हे तिलाही माहीत नव्हतं. समोरच्या प्लॉटवर दोन मेंढ्यांनी माना वर केल्या. दारापर्यंत पोचलेली जाहेदा किल्ली हातात घेऊन तिथंच थबकली, दोघांकडं एकदा बघितलं, आणि पाय न वाजवता माघारी वळली.

बिभीषण पलंगाशी खाली फरशीवर बसला. राजाबाईनं त्याच्या केसांत हात घातला. केस बरेच पिकले होते, हे तिनं आजच बघितलं.

"तुझ्या बापानं हाक मारली व्हती," ती म्हणाली. "दोनदा. मला ऐकू आली व्हती. समद्यांना नाय म्हणले मी, तुला बी. ऐकू आली व्हती रं. मी तिसरीची वाट बघत बसले. म्या उठले असते तर..."

विमानाची सावली अंगणात आली, ट्रंकेवरून गेली, लिंबावर चढून पलीकडं उतरली.

बिभीषणनं खिशातून फोन काढला. तो प्रश्न अजून तिथंच होता, दोनऐवजी तीन. त्यानं अंगठा टेकवला. देवळीतल्या पेटीवर एक हिरवा ठिपका लागला आणि विझला.

"ट्रंक आत आणतो जरा वेळानं," तो म्हणाला.

राजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तो तिच्याकडं बघत नव्हता. उन्हाच्या पट्ट्यांत तरंगणाऱ्या धुळीकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा सात वर्षांचा झाला होता.

"मी झोपलो नव्हतो आई त्या दिवशी," तो म्हणाला. "कोकरांत पडलो होतो, पण जागा होतो. दोन्ही हाका ऐकल्या मी. तू मान वर केलीस ते बघितलं. तुझ्या हातात सुई होती. मी पण तिसरीचीच वाट बघत होतो."